गाडी अजून तुमच्याच नावावर

आगाशी,
८ जुलै २०२४

रेजिनाताई,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पोस्टाने येतोय. आगाशीहून गासला मी चालत निघालो तरी या पत्राच्या आधी पोचेन, पण दारात येऊन भांडण्याइतकी आपली ओळख जुनी नाही. आमच्या मंडळींची, म्हणजे वसुंधरेची, आणि तुमची आहे. म्हणून मऊ लिहितोय.

आमची जुनी गाडी खुशाल असल्याचं समजलं. तिनेच कळवलं. एकतीस मेला ती नालासोपाऱ्यात सिग्नल तोडून गेली. बारा जूनला विरारला नो पार्किंगमध्ये उभी होती. परवा पुन्हा सिग्नल. दंडाचे तिन्ही मेसेज फोटोसकट माझ्या मोबाईलवर आलेत. फोटो छान आहेत. एकात तर गाडी धुतलेली दिसते, जे माझ्याकडे असताना क्वचितच घडलं.

गाडी मी तुम्हाला अकरा फेब्रुवारीला विकली. तुमच्या जेवणाच्या टेबलावर स्टॅम्पपेपरच्या दोन प्रती झाल्या, दोघांच्या सह्या झाल्या, तुमच्या हातचं माशाचं कालवण झालं. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० मी सह्या करून तुमच्या हातात दिले. तुम्ही म्हणालात, "पंधरा दिवसांत नावावर करून घेते." कोणत्या वर्षातले पंधरा दिवस, हे विचारायचं राहून गेलं.

मी चौतीस वर्षं विमा कंपनीत अपघातांच्या दाव्यांचं टेबल सांभाळलं. "गाडी विकली होती साहेब, फक्त नावावर करायची राहिली," असं सांगणारे रोज समोर बसायचे. मी त्यांना पाणी विचारायचो आणि फाईल नामंजूर करायचो. निवृत्तीनंतर त्यांच्याच खुर्चीत बसायची मला हौस नाही. तेव्हा कृपा करा.

आपला,
श्रीरंग चुरी
(कागदोपत्री आपल्या गाडीचा मालक)

---

गास,
१६ जुलै २०२४

श्रीरंगभाऊ,

पत्र मिळालं. पोस्टमनने विचारलं, "सिस्टर, कोर्टाचं आहे का?" तुमचं अक्षर तसंच आहे.

दंड तिन्ही भरले. सिग्नल मी तोडला नव्हता, मी मध्यावर असताना त्याने रंग बदलला. एकोणसाठाव्या वर्षी लायसन काढलेल्या बाईला सिग्नलनेही थोडं सांभाळून घ्यायला हवं. नर्सची नोकरी संपली तरी इंजेक्शनला, ड्रेसिंगला आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येतात. रिक्षावाले वाडीत आत यायला कुरकुरतात. म्हणून तर गाडी घेतली.

आता पंधरा दिवसांचं. फेब्रुवारीतच मी नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून ऑनलाइन अर्ज भरला. त्यात मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो. मालक तुम्ही. मी तिथूनच तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, बँकेने बजावलंय." मी म्हटलं, अहो, मी रेजिना. तुम्ही म्हणालात, "सगळे असंच म्हणतात," आणि फोन ठेवलात. कॅफेतली मुलगी इतकी हसली की तिने माझ्याकडून झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत.

तिनेच सांगितलं की फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली खबर. ती तुम्ही द्यायची. तुम्ही सही करून ती माझ्या हातात ठेवलीत आणि कालवणाकडे वळलात. चौतीस वर्षं विम्यात काढलेल्या माणसाला मी हे सांगायचं म्हणजे फादरना मिस्सेची प्रार्थना शिकवण्यासारखं आहे.

वसूला सांगा, वाडीतले जाम पाठवते आहे.

रेजिना तुस्कानो

---

आगाशी,
५ ऑगस्ट २०२४

रेजिनाताई,

जाम पोचले. ओटीपीचा प्रसंग आठवला. तुमचा आवाज त्या दिवशी सर्दीने बदललेला होता, असं माझं मत आहे. वसुंधरेचं मत वेगळं आहे आणि ती ते रोज जेवताना मांडते.

चला, दोघांनी मिळून आरटीओत जाऊ. पण आता श्रावण, मग गणपती. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो आणि मुलगी-जावई येतात. ते परत गेले की सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी नक्की. तोवर गाडीबद्दल जे काही मला येतं, मेसेज असो की पाकीट, ते मी न वाचता टाकून देतो. गाडी माझी नाही ना, मग मी कशाला वाचू? तत्त्व म्हणजे तत्त्व.

सिग्नलला माझा नमस्कार सांगा.

श्रीरंग

---

आगाशी,
२८ सप्टेंबर २०२४

रेजिनाताई,

आज विनोद नाही.

काल सकाळी घरी पोलीस आले. दोघे होते. अख्खी आळी कठड्याला टेकून बघत होती. हवालदार म्हणाले, "पांढरी गाडी तुमची?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मोबाईल पुढे धरला. मालक, श्रीरंग चुरी, आगाशी. मी म्हटलं, "तसं नाही." ते म्हणाले, "मग कसं?"

एकवीस तारखेला संध्याकाळी सहाच्या सुमारास वटारच्या वळणावर त्या गाडीने एका स्कूटरला उडवलं. जॅक्सन नावाचा माणूस आहे, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. खांदा मोडला, जबड्याला तडा गेला, पुढचे दोन दात गेले. गाडी दिवा फुटून कडेला उभी होती आणि आत कोणी नव्हतं. ड्रायव्हर पळाला, असं लोक सांगतात. एकाने नंबरचा फोटो काढला. पोलीस पोचेपर्यंत गाडीही कोणीतरी नेली होती.

वसुंधरेची मैत्रीण म्हणून मी तुमचं नाव अजून दिलेलं नाही. "विचारून सांगतो," म्हटलं. तर मला एवढं सांगा, त्या संध्याकाळी गाडी कोणाकडे होती? आणि उलट टपाली एक ओळ पाठवा, की अकरा फेब्रुवारीपासून गाडी तुमच्या ताब्यात आहे. आपला विक्रीचा कागद माझ्याकडे आहेच. लॅमिनेट करून कपाटात ठेवलाय. तरी तुमच्या हातची ओळ असलेली बरी.

श्रीरंग

(रेजी, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून कोपऱ्यात लिहिते. हे कालपासून माळ्यावर आहेत. जुन्या दिवाळी अंकांपर्यंत सगळं उपसलं. काय शोधताय विचारलं तर म्हणतात, काही नाही. तुला काही कळतंय का? – वसू)

---

गास,
७ ऑक्टोबर २०२४

माननीय श्रीरंगभाऊ,

आपले पत्र मिळाले. गाडी माझ्या वाडीत ताडपत्रीखाली आहे. माझी प्रकृती ठीक नाही, त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

विक्रीचा कागद आपण लॅमिनेट करून ठेवला आहे हे वाचून बरे वाटले. कागद जपलेले चांगले. आपल्याकडे तो आहेच, तर माझ्या एका ओळीचे विशेष काम पडणार नाही असे वाटते.

जॅक्सनसाठी प्रार्थना करावी. वसूला नमस्कार.

आपली,
रेजिना तुस्कानो

---

आगाशी,
२० ऑक्टोबर २०२४

माननीय रेजिनाबाई,

'माननीय' वाचून मी पाकीट उलटून पाहिलं, दुसऱ्या कोणाचं तर आलं नाही ना.

तुमची प्रकृती का ठीक नाही ते मला कळलं. सत्काराचा ताण असणार. सोबत स्थानिक साप्ताहिकाचं कात्रण जोडलं आहे, तुमच्याकडे दहा-वीस असतीलच. 'निवृत्त परिचारिकेची माणुसकी. अपघातग्रस्त वादकाला रिक्षातून रुग्णालयात पोचवून वाचवले प्राण.' फोटोत शाल तुम्हाला शोभते. शेजारी जॅक्सनची बायको, स्टेफी, तुमचा हात धरून उभी आहे. हात दोन्ही हातांनी धरलाय.

कात्रण येण्याच्या आदल्याच दिवशी मी पोलीस चौकीत जाऊन तुमचं नाव दिलं होतं. हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चौतीस वर्षं लोकांकडे पाहत आलो. म्हणाले, "काका, ज्या बाईंनी त्याला वाचवलं त्यांच्यावरच ढकलताय? या वयात? कागद आहे काही?" मी म्हटलं, आहे. "मग आणा." मी म्हटलं, आणतो.

आता मला सगळं जुळलं आहे. तुमचा डेरिक सप्टेंबरात जहाजावरून सुट्टीवर येणार होता, वसुंधरेला तुम्हीच सांगितलं होतंत. गाडी त्याने घेतली. त्याने ठोकली आणि तो पळाला. मागून आई आली, जखमीला रिक्षात घालून गेली आणि शाल घेऊन परतली. आईचं मन मला समजतं. पण तुमच्या मुलाची मान वाचवायला माझी मान द्यायची, हे कोणत्या मिस्सेत सांगतात?

एक ओळ, रेजिनाबाई. अजूनही एकच ओळ मागतोय.

श्रीरंग चुरी

---

आगाशी,
१६ जानेवारी २०२५

रेजिनाबाई,

तीन महिने तुमचं उत्तर नाही. मधल्या नाताळात वसुंधरेसाठी केक आला, त्यात चिठ्ठी असेल म्हणून मी तो कुस्करून पाहिला. मनुका होत्या.

आज अपघात दाव्याची नोटीस आली. अर्जदार जॅक्सन. जाबदार क्रमांक एक, वाहनाचा मालक, मी. विमा कंपनीच्या रकान्यात लिहिलंय की अपघाताच्या दिवशी वाहनाचा विमा नव्हता. दोन ऑगस्टलाच संपला होता. म्हणजे भरपाई जी काय ठरेल ती माझ्याच पेन्शनमधून जाणार. जॅक्सनने अर्जात लिहिलंय, या हंगामातली सगळी लग्नं त्याने घरात बसून ऐकली. बँड त्याच्या खिडकीखालून जातो.

पुढच्या तारखेला मी कपाटातला विक्रीचा कागद सादर करणार आहे. तुम्हाला आधी सांगितलं नाही असं म्हणू नका.

श्रीरंग चुरी

---

गास,
२६ जानेवारी २०२५

श्रीरंगभाऊ,

तुमच्या कपाटातला लॅमिनेट केलेला कागद माझ्या साइडबोर्डच्या खणात आहे. लॅमिनेशन नाही. एका कोपऱ्यावर कालवणाचा डाग आहे. अकरा फेब्रुवारीला तुम्ही सुपारी कातरत उठलात, जावयाचा फोन आला, आणि तुमची प्रत टेबलावरच राहिली. मी म्हटलं, पुढच्या खेपेला देईन. दोन्ही प्रती माझ्याकडेच आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तुमच्या पत्रातलं ते लॅमिनेशन वाचताना आधी हसू आलं. मग ते थांबलं.

तुमची प्रत सोबत रजिस्टरने पाठवतेय. तुम्ही एक ओळ मागत होतात. ही घ्या: अकरा फेब्रुवारी २०२४ पासून गाडी माझ्या ताब्यात आहे आणि एकवीस सप्टेंबरला ती मी, रेजिना तुस्कानो, चालवत होते.

डेरिक तेव्हा समुद्रात होता. त्याची सुट्टी ऑक्टोबरवर गेली होती. तुम्ही त्याच्यावर इतकी सुंदर गोष्ट रचलीत की क्षणभर मलाच ती पटली. मुलगा गुन्हेगार आणि मी त्याला झाकणारी आई, हे ऐकायला फार बरं वाटतं. खरं तसं नव्हतं.

वटारला एका म्हाताऱ्याचं ड्रेसिंग करून मी परत येत होते. वळणावर खड्डा होता. मी आरशात न बघता गाडी उजवीकडे घेतली. खड्डा चुकला, माणूस चुकला नाही. मी उतरले, जबडा धरला, श्वास बघितला, ओढणीने खांदा बांधला. हे सगळं माझे हात आपोआप करत होते. पण गाडीत बसले तर किल्ली भोकात जाईना. म्हणून येणारी रिक्षा थांबवली. लोक जमले तेव्हा आम्ही निघालो होतो. गाडी नंतर गॅरेजवाल्या क्लिफर्डने आणली. त्याला मी सांगितलं, रस्त्यात बंद पडली.

रुग्णालयात फॉर्म भरायला दिला. 'आणणाऱ्याचे नाव.' लिहिलं. 'रुग्णाशी नाते.' तिथे मी 'वाटसरू' लिहिलं. चाळीस वर्षं मी लोकांना ते फॉर्म भरायला सांगत आले, भाऊ, एक शब्द खोटा असला की माझ्या नजरेतून सुटायचा नाही. पुढचं सगळं त्या शब्दावर उभं राहिलं. चर्चच्या धर्मग्रामाने शाल दिली. फादर प्रवचनात माझ्याबद्दल चांगलं बोलले. स्टेफी केक घेऊन आली आणि मी तो खाल्ला. दोन तुकडे.

चार महिने तो खण मी उघडला नाही. तुमचा कागद फाडला की मी सुटले, एवढं गणित मलाही येत होतं. पण बँड खिडकीखालून जातो, हे तुम्ही लिहिलंत. मी पत्र घडी घालून ठेवलं आणि पुन्हा उघडलं.

हे पत्र लिहायच्या आधी मी दोन ठिकाणी जाऊन आले. चौकीत जबाब दिला. हवालदारांना तो दोनदा सांगावा लागला, त्यांना वाटलं मी तुम्हाला वाचवतेय! मग जॅक्सनच्या घरी गेले. तो आत झोपला होता. स्टेफीने चहा ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. खड्डा, आरसा, किल्ली, रिक्षा, फॉर्म. अर्धा तास मीच बोलत होते. माझा कप अर्धा भरलेला होता. तो तिने उचलला आणि आत घेऊन गेली.

मी थोडा वेळ बसले. ती बाहेर आली नाही. मग मी आले.

रेजिना

---

आगाशी,
६ फेब्रुवारी २०२५

रेजिनाताई,

रजिस्टर मिळालं. वसुंधरेने माझ्या आधी फोडलं, त्यामुळे माझं कपाट, माझं लॅमिनेशन आणि माळ्यावरचे माझे दिवस यांचा खुलासा मला सकाळी चहाबरोबर द्यावा लागला.

कागद घेऊन मी वकिलाकडे धावलो. ज्या कागदासाठी मी माळा उपसला तो त्यांनी चष्मा न लावताच बाजूला ठेवला. म्हणाले, "चुरीसाहेब, आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं. जॅक्सनच्या लेखी मालक तुम्हीच. भरपाई तुमच्याकडून मागितली जाणार, मग तुम्ही त्या बाईंकडून काय वसूल करायचं ते करा. तुम्हाला तर हे माहीत असेल?" मला माहीत होतं. हेच वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं, फक्त 'चुरीसाहेब' न म्हणता.

आता माझं ऐका. तुम्ही एवढं लिहिल्यावर मी गप्प बसलो तर वसुंधरा जेवायला वाढणार नाही.

जुलैपासून ऑगस्टपर्यंत विमा कंपनीने गाडीचा हप्ता भरण्याची आठवण मला तीनदा केली. दोन मेसेज आणि एक पाकीट. पाकिटावरचा शिक्का मी ओळखला. त्या शिक्क्याची पाकिटं मी स्वतः हजारांनी पाठवली आहेत. तत्त्व म्हणून न फोडता टोपलीत टाकलं. ते पाकीट गासला पाठवलं असतं तर तुम्ही हप्ता भरला असता, आणि आज जॅक्सनला तुमच्या-माझ्या दारात यावंच लागलं नसतं. तुम्ही पहिल्यांदाच गाडी घेतलेली बाई. मी विम्यातला माणूस.

तुम्ही दोन ठिकाणी जाऊन आलात. मी कुठेच गेलो नाही, घरात बसून तुम्हाला टोमणे लिहीत होतो. छान जमत होते, असंही मला वाटत होतं.

आणखी एक बातमी. तुमच्या जबाबानंतर पोलिसांनी ताब्यात घेतलेली गाडी सोडवायला मूळ मालकच लागतो म्हणे. म्हणजे आधी कोर्टात उभं राहायला मी, आणि आता आपली गाडी घरी आणायलाही मीच. सोमवारी येतो. किल्ली आणा. तिथून थेट आरटीओत जाऊ आणि ओटीपी मी तुमच्या कानात सांगेन.

श्रीरंग

---

गास,
१५ सप्टेंबर २०२५

श्रीरंगभाऊ,

डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं वसूने कळवलं. वाचायची मनाई आहे, तेव्हा हे पत्र ती तुम्हाला वाचून दाखवेल. वसू, मध्ये मध्ये स्वतःचं घालू नकोस.

शनिवारच्या लोकअदालतीत तुमच्या वतीने तुमचे वकील होते. माझ्या वतीने मीच. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती आणि प्रत्येक टेबलावर कोणाच्या तरी आयुष्याची तडजोड चालली होती. आमचं टेबल पंख्याखाली होतं, म्हणून कागद उडत होते.

जॅक्सन आणि स्टेफी समोर बसले होते. त्याला नवे दात बसवलेत. ते बघवत नव्हतं, म्हणून मी त्याच्या हातांकडे बघत होते. टेबलावरच्या न्यायाधीश बाई म्हणाल्या, जबाबदारी नोंदीतल्या मालकाची. मी म्हटलं, चालवत मी होते, माझा हिस्सा लिहून घ्या. तुमचे वकील म्हणाले, माझ्या पक्षकारांनीही त्यांचा हिस्सा लेखी कळवला आहे, त्या विमा-पाकिटाबद्दल. बाईंनी चष्मा वर केला. म्हणाल्या, "इथे लोक माझं नाही म्हणायला येतात." तुमचा आणि माझा हिस्सा निम्मा-निम्मा ठरला. जॅक्सनने मान्य केलं. पोलिसांची केस वेगळी आहे, ती चालेल, आणि मी तिथे गुन्हा कबूल करणार आहे.

सह्या झाल्या. प्रत्येकाची प्रत प्रत्येकाला मिळाली. तुमची वकिलांनी नेली, तुमच्या हाती दिली नाही, हे बरं झालं.

जॅक्सन त्याच्या मित्राबरोबर खाली गेला. स्टेफी मागे थांबली. जानेवारीपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. चर्चमध्ये मी ज्या बाकावर बसायचे तिथून ती उठून जायची. आता ती समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "सिस्टर, रिक्षात तुम्ही त्याला काय सांगत होता? तो मला सारखं विचारतो. त्याला तुमचा आवाज आठवतो, शब्द आठवत नाहीत."

मी म्हटलं, "झोपू नकोस, असं सांगत होते."

"एवढंच?"

"एवढंच. झोपू नकोस, झोपू नकोस. रुग्णालय येईपर्यंत."

तिने जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या घरी आलात तेव्हा तुम्ही अर्धा तास बोललात. खड्डा सांगितलात, आरसा सांगितलात. पोलिसांना सांगितलंत, कोर्टाला लिहून दिलंत. मी त्या दिवसापासून एका शब्दाची वाट बघतेय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हॉलमधले पंखे एकदम मोठ्याने वाजायला लागले. भाऊ, मी जबाब दिला, फॉर्म भरले, चार ठिकाणी सह्या केल्या, तुम्हाला पानं भरून लिहिलं. वर्षभरात जे काही कागदावर येऊ शकतं ते सगळं केलं होतं.

मी म्हटलं, "चुकले मी. मला माफ कर."

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही. म्हणाली, "मला नको. तो खाली उभा आहे. त्याला सांगा."

जिना मी कठडा धरून उतरले. ती पुढे होती. दोनदा थांबली, माझ्यासाठी.

रेजिना